‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही : ट्रॅक्टर-ट्रॉली अन् मॉडिफाय गाडीची जबाबदारी मालकाचीच

बुलढाणा : सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कुणी खामगावच्या बाजार समितीत माल घेऊन निघालेलं असतं, कुणी कुटार भरून घरी येत असतं, तर कुणी मजूर बायांना वावरात सोडायला जात असतं. ट्रॅक्टर हे मुळात वावराचं वाहन. नांगरट, वखरणी, पेरणी, मळणी यासाठी ते बनवलेलं आहे. पण आपल्याकडे त्याचा बराच वेळ डांबरी रस्त्यावर जातो. त्यात ट्रॉलीचे फाळके वाढवलेले असतात, मडगार्डवर जादा सीट बसवलेली असते, हूक गावातच वेल्डिंग करून घेतलेला असतो. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं : “जवळच तं जायचं हाये, काय होते?”

काय होतं ते जिल्ह्याने पाहिलेलं आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया होत्या आणि त्याच गाडीत मजूरही बसलेले होते. १३ मजुरांचा जीव गेला. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या ७ महिला त्यात गेल्या. दोन्ही अपघात वेगळे, कारणंही वेगळी. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. ज्या गाडीत माणसं बसली होती, ती माणसं बसवण्यासाठी बनवलेली नव्हती.

अपघात झाला की बोट पहिल्यांदा ड्रायव्हरकडे जातं. कायदा मात्र ड्रायव्हरपाशी थांबत नाही. तो मालकापर्यंत येतो.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १९० हे असुरक्षित वाहनाबद्दल आहे. वाहनात दोष आहे आणि तो लोकांना धोकादायक आहे, हे माहीत असूनही जो वाहन चालवतो, किंवा चालवायला देतो, तो दोषी. पण कलम इथंच थांबत नाही. दोष माहीत नसला, तरी साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, अशी परिस्थिती असेल तरीही दोषीच. म्हणजे “ब्रेक लागत नव्हते हे मला माहीतच नव्हतं” हे उत्तर चालत नाही. पेडल दाबून पाहिलं असतं तर कळलं असतं ना, असा प्रश्न पुढे येतो.

या कलमात नुसतं दोषी वाहन रस्त्यावर आणल्याबद्दल १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं किंवा नुकसान झालं, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल त्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

वाहनात केलेल्या बदलांसाठी कलम ५२ वेगळं आहे. कंपनीने जे वाहन जसं बनवलं आणि आरसीवर जशी नोंद आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करून त्या वाहनाची नोंदणी टिकवता येणार नाही, असं त्या निकालाचं सार आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. तीन बदल केले तर १५ हजार.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. बदल वेल्डिंगवाल्याने केला, गॅरेजवाल्याने सुचवला, ड्रायव्हरने परस्पर करून घेतला, असं म्हणून मालक बाजूला होत नाही. कलमात नाव मालकाचं आहे.

ट्रॅक्टर रस्त्यावर वेगळा का वागतो?

कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी ट्रॅक्टरची रचना समजून घेणं गरजेचं आहे. वावरात जे फायद्याचं, तेच रस्त्यावर धोक्याचं ठरू शकतं.

पहिली गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, एक डाव्या चाकाचं आणि एक उजव्या चाकाचं. वावराच्या धुऱ्यावर जागच्या जागी वळायचं असेल तर एकच पेडल दाबतात आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पण तीच दोन पेडलं सुटी ठेवून रस्त्यावर ३० च्या वेगाने जाताना घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरून उलटतो. म्हणूनच दोन्ही पेडलं जोडायला कंपनीने एक पट्टी दिलेली असते. रस्त्यावर येण्याआधी ती लावायची. अनेक जुन्या ट्रॅक्टरवर ही पट्टी तुटलेली किंवा काढून टाकलेली दिसते. ती नवीन बसवायला फार खर्च येत नाही. आणि पट्टी लावली तरी दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात का, हे तपासलंच पाहिजे. एक बाजू घट्ट आणि एक ढिली असेल तर पट्टी असूनही ट्रॅक्टर ओढला जातो.

दुसरी गोष्ट वजनाची. समजा ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि मागे मालासह ६ टनांची ट्रॉली आहे. एकूण ८ टन झाले. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर हे सगळे ८ टन थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतं. दर २० मीटरला १ मीटर उतरणारा रस्ता असेल, तर हे ८ टन सुमारे ४०० किलोच्या जोराने खाली ओढतात आणि त्यातला ३०० किलोचा ढकला एकट्या ट्रॉलीचा असतो. वळणावर ब्रेक मारला की ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि दोन्ही एकमेकांत दुमडतात. बुलढाणा ते मोताळा मार्गावरचा राजूर घाट किंवा खामगाव मार्गावरचा बोथा घाट उतरताना हा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय अनेकांना आहे. ही सवय जीव घेणारी आहे. न्यूट्रल केलं की इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की ते लागत नाहीत. जुने चालक सांगतात ते खरं आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

तिसरी गोष्ट पुढच्या चाकांची. ट्रॅक्टर वळतो तो पुढच्या चाकांच्या जोरावर. मागे भार जास्त झाला किंवा ट्रॉली ओढायची जागा उंच झाली, की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर पुढचा भाग उचलला जाऊन ट्रॅक्टर मागे, थेट चालकाच्या अंगावर पलटू शकतो. म्हणून साखळी किंवा दोर टॉप लिंकला बांधून काही ओढू नये. कंपनीने ट्रॉलीसाठी जो हूक आणि जी उंची दिली आहे, तीच ठेवावी.

हे बदल सगळ्यात जास्त दिसतात

• फाळके वाढवणं : कुटार किंवा कापूस हलका म्हणून फाळके उंच करतात. पुढे त्याच ट्रॉलीत वाळू, विटा, मुरूम भरला जातो. भार उंच गेला की ट्रॉलीचा तोल जातो आणि वळणावर ती आधी उलटते. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये अशी तरतूद आहे.

• गावातच बनवलेला हूक आणि पिन : ओढण्याचा सगळा जोर या एका जागेवर असतो. तिथं झिजलेली पिन किंवा साधी सळई टाकलेली असेल, तर भर रस्त्यात ट्रॉली सुटते. पिनेला लॉक हवं आणि जोडीला जाड सुरक्षा साखळी हवी.

• मडगार्डवरच्या जादा सीट : ट्रॅक्टर एका चालकासाठी असतो. मडगार्डवर बसलेला माणूस खड्ड्यात उसळला की थेट मोठ्या चाकाखाली जातो. लहान मुलांना तिथं बसवणं तर अजिबातच नको.

• जुन्या ट्रकचा ॲक्सल लावून बनवलेली ट्रॉली : स्वस्त पडते, पण तिला मान्यता नसेल तर तिची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही.

• डीजेसाठी ट्रॉली : वरात असो की मिरवणूक, ट्रॉलीवर जनरेटर, स्पीकरचा मनोरा आणि वर नाचणारी पोरं. वर वजन, खाली गर्दी. विजेच्या तारांचा धोका वेगळाच.

थार, बोलेरो, जुनी जीप : इथंही नियम तोच

आता गावागावांत तरुणांकडे जीप-थारसारख्या गाड्या आहेत. त्या चिखलात, दगडधोंड्यात चालण्यासाठी बनलेल्या असतात, पण त्यांचं रोजचं चालणं रस्त्यावरच. त्यात मोठे टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, पुढे लोखंडी गार्ड, टपावर एलईडी लाइटची पट्टी अशी हौस होते.

मोठा टायर बसवला की गाडी उंच होते आणि वळणावर तोल लवकर जातो. चाकाचा घेर वाढल्यामुळे स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, कमी दाखवतो. चालकाला ६० वाटतं, गाडी प्रत्यक्षात त्याहून जोरात असते. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त मेहनत पडते, पण ब्रेक तर जुनेच असतात.

पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. धडकेत पायी चालणाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला या गार्डचा मार जास्त बसतो. शिवाय धडकेचा धक्का वेगळ्या पद्धतीने गाडीत गेल्याने एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडचण येऊ शकते. म्हणजे जी वस्तू सुरक्षेसाठी म्हणून लावली, तीच घात करते. एलईडी पट्टीचंही तसंच. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपले की तो कुठे जाईल हे सांगता येत नाही.

विमा आहे, पण कशाचा?

खरा फटका दंडाचा नसतो, तो नुकसानभरपाईचा असतो. दंड हजारांत असतो, भरपाई लाखांत. विमा कंपनीने हात वर केले तर ती रक्कम मालकाच्या घरातून, शेवटी वावरातून निघते.

शेतीसाठी म्हणून नोंदवलेल्या ट्रॅक्टरचा विमाही शेतीच्या कामासाठीच असतो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरचा मजूर अपघातात जखमी झाला होता. ट्रॅक्टर शेतीच्या कामासाठी वापरात नव्हता, म्हणून विमा कंपनीची जबाबदारी नाही असं न्यायालयाने मानलं. गरीब मजुराला पैसे मिळावेत म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग काढला. मजुराला न्याय मिळाला, पण शेवटी पैसे मालकानेच भरायचे ठरले.

दुसरा मुद्दा ट्रॉलीचा. कायद्यात ट्रॉली, म्हणजे ट्रेलर, हेही मोटार वाहनच आहे. तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचाही झाला, असं गृहीत धरू नये. पॉलिसीच्या कागदावर ट्रॉलीचा क्रमांक आहे का, मजुरांसाठी वेगळा हप्ता भरला आहे का, हे एजंटला विचारून नव्हे, तर स्वतः वाचून पाहावं. वाहनात बदल केलेला असेल आणि तो विमा कंपनीला सांगितलेला नसेल, तर तोही वादाचा मुद्दा होतो.

विकला, भाड्याने दिला, पोराने नेला : तरी मालकच

गावात ट्रॅक्टर, जीप, दुचाकी यांचे व्यवहार नोटरीवर होतात. पैसे घेतले, चावी दिली, विषय संपला असं वाटतं. आरसीवर मात्र जुनंच नाव राहतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की, ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याने मालक, मग गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो. अपघात झाला तर भरपाईची नोटीस त्याच्या दारात येते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. गाडी नावावरून उतरली का, हे एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून मोबाइलवरच पाहता येतं.

भाड्याने दिलेल्या ट्रॅक्टरचंही तसंच. ब्रेक नसलेला ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हाती देणं म्हणजे कलम १९० मधलं ‘चालवायला देणं’. परवाना नसलेल्या माणसाला गाडी दिली तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि १८ वर्षांखालच्या पोराच्या हाती स्टिअरिंग दिलं, तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. “आमचा पोरगा सातवीपासून ट्रॅक्टर चालवते” हे कौतुक कोर्टात उलटं पडतं.

बदल करायचाच असेल तर

सगळेच बदल बेकायदा नाहीत. मान्यताप्राप्त केंद्रातून सीएनजी किट बसवणं, दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात सोय करणं, इंजिन बदलणं, रंग बदलणं यासाठी रीतसर मार्ग आहे. काम करण्याआधी परिवहन कार्यालयात अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची आणि नंतर आरसीवर नोंद करून घ्यायची. वाहनावर बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल तर त्यांची लेखी संमतीही लागते. एमएच-२८ पासिंगच्या वाहनांसाठी हे काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात होतं.

नवीन ट्रॉली घेताना विक्रेत्याकडून दोन कागद मागून घ्यावेत : फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र. हे कागद देता येत नसतील तर ट्रॉली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

रस्त्यावर निघण्याआधी दहा मिनिटं

१. दोन्ही ब्रेक पेडलं पट्टीने जोडा. सपाट जागेवर हळू चालवून ब्रेक मारून पाहा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो का?

२. हूक, पिन, पिनेचं लॉक आणि साखळी हाताने हलवून पाहा. वेल्डिंगला तडा दिसला तर ट्रॉली जोडू नका.

३. टायरला चीर, फुगा, बाहेर आलेली तार आहे का? चाकाचे नट घट्ट आहेत का?

४. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते पाहा. चाक हलण्याआधी स्टिअरिंग बरंच फिरत असेल तर मेकॅनिककडे न्या.

५. हेडलाइट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर चालू आहेत का? ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी हवी. चिखलाने झाकली असेल तर पुसा. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळणाऱ्या दुचाकीवाल्याला तेवढीच खूण असते.

६. डिफरन्शियल लॉक सुटलेलं आहे का? ते लागलेलं असताना रस्त्यावर वळण घेऊ नका.

७. माल फाळक्याच्या वर किंवा बाहेर नको. मालावर माणूस नको.

८. आरसी, विमा, परवाना मोबाइलमध्ये डिजिलॉकरला ठेवा. विम्याची तारीख तपासा.

याच्या जोडीला घरात एक साधी वही ठेवावी. ब्रेक कधी बसवले, टायर कधी बदलले, ग्रीसिंग कधी केलं, कोणत्या गॅरेजला काम झालं, याची तारीख आणि बिल त्यात लावावं. कायदा मालकाला विचारतो की साधी काळजी घेतली होती का. ही वही त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मजुरांच्या वाहतुकीचं मात्र वहीने भागत नाही. सोंगणी आणि वेचणीच्या दिवसांत पंधरा-वीस बायांना वावरात न्यायचं कसं, ही शेतकऱ्याची खरी अडचण आहे. रस्ते कच्चे, वेळ थोडा, एसटी सगळीकडे जात नाही. तरी प्रवासी परवाना असलेली रिक्षा किंवा जीप दोन फेऱ्यांत लावली तर जो खर्च येतो, तो सगळ्यांत वाटून घेता येतो. गावातल्या चार शेतकऱ्यांनी मिळून हंगामापुरती एक गाडी ठरवली तर आणखी स्वस्त पडतं. मजुरीचा दर ठरवताना गाडीभाडंही त्याच वेळी ठरवून टाकलं, तर सकाळी सहाला ट्रॉलीत चढायची वेळच येत नाही.